न्यालीची पांढरी वाळू आणि नाशिकची मुलं



मोंबासाला जाऊन आल्याचं कळल्यापासून बऱ्याच जणींनी एकच प्रश्न विचारला: लहान मुलं आणि सासूबाई-सासरे बरोबर असतील तर न्यालीचा किनारा कसा आहे? आधी त्याचं उत्तर देते, आणि मग ज्याच्यासाठी खरं लिहायला बसले त्याकडे वळते.

किनारा फार चांगला आहे. केनियातलं मोंबासा हे मुळात एक बेट. पूल ओलांडून उत्तरेला मुख्य भूमीवर गेलं की न्याली लागतं. पांढरीशुभ्र, पिठासारखी बारीक वाळू. ती उन्हात आपल्या कोकणातल्या काळपट वाळूसारखी तापत नाही, मुलं भर दुपारी अनवाणी धावतात. किनाऱ्याला समांतर, थोडं आत समुद्रात, प्रवाळाची लांबच लांब भिंत आहे. मोठ्या लाटा तिच्यावरच फुटतात आणि किनाऱ्याशी येतं ते तळ्यासारखं पाणी. ओहोटीला तर इतकं मागे जातं की आजीसुद्धा नातवाचा हात धरून घोट्याएवढ्या पाण्यातून लांबवर चालून येते. डिसेंबर ते मार्च समुद्र जास्त निवळ असतो. तेव्हा ईशान्येचा वारा असतो, त्याला तिथे ‘कास्काझी’ म्हणतात. एप्रिलनंतर आग्नेयेचा ‘कुसी’ सुरू झाला की पाणी खवळतं आणि शेवाळ वाहून येतं.

चौविहार करणाऱ्यांसाठी एक सोय सांगते. मोंबासा विषुववृत्ताच्या अगदी जवळ आहे, त्यामुळे वर्षभर सूर्य साधारण सहा ते पावणेसातच्या दरम्यान मावळतो. उन्हाळा-हिवाळा असा घोळ नाही. शिवाय स्वाहिली लोक वेळही सूर्योदयापासून मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा ‘एक’ वाजला. नवकारशीचा हिशोब ठेवणाऱ्या बाईला हे घड्याळ चटकन कळतं! किनाऱ्यावर शहाळं मिळतं (त्याला ‘मडाफू’ म्हणतात) आणि लिंबू-तिखट लावून भाजलेलं कणीस मिळतं, अगदी आपल्यासारखं. तिखट लावलेल्या कुरकुरीत चकत्याही विकायला येतात, पण त्या कसाव्याच्या असतात, म्हणजे कंदमूळ. मुलांना आधीच सांगून ठेवा.

आता वाळूबद्दल. ती इतकी पांढरी का, हे विचारायला हवं. आपल्याकडची बहुतेक वाळू म्हणजे झिजलेला दगड. न्यालीची वाळू म्हणजे प्रवाळ, शंख-शिंपले आणि चुना साठवणाऱ्या समुद्री शेवाळाचा चुरा. पोपटमासा नावाचा मासा प्रवाळ दातांनी खरवडून खातो, आतला चुना पचत नाही, तो वाळू होऊन बाहेर पडतो. एक मोठा मासा वर्षाला शेकडो किलो वाळू करतो म्हणतात. म्हणजे आपण ज्याच्यावर चटई टाकून बसतो तो सगळा पूर्वी जिवंत असलेल्यांचा देह. इथल्या समुद्राचा मोठा भाग १९८६ पासून संरक्षित सागरी उद्यान आहे, तिथून शंख-शिंपले उचलायचे नाहीत. किनाऱ्यावर कोणी विकायला आणले तरी घेऊ नका. रिकाम्या शंखातही खेकडा राहायला येतो, हे मुलांना एकदा दाखवलं की पुन्हा सांगावं लागत नाही.

ही प्रवाळाची भिंत, हे शांत पाणी आणि हे दोन वारे यांनीच आपली माणसं तिकडे नेली. पश्चिम भारतातून हिवाळ्यात निघालेलं गलबत कास्काझीवर पूर्व आफ्रिकेला पोचायचं आणि कुसी सुरू झाला की परत फिरायचं. हे फार जुनं आहे. साधारण दोन हजार वर्षांपूर्वी एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेलं ‘पेरिप्लस’ नावाचं समुद्रप्रवासाचं पुस्तक आहे. आपल्या सोपारा आणि कल्याण बंदरांची नावं त्यात आहेत. भरूचकडची जहाजं आफ्रिकेच्या वरच्या टोकाच्या बंदरांत काय काय नेत, याचीही यादी आहे: गहू, तांदूळ, तूप, तिळाचं तेल, सुती कापड आणि उसापासून केलेला गोडवा. वाचताना वाटतं, कोणाच्या तरी कोठीघराची यादीच आहे!

हा शेजार आजही स्वाहिलीत ऐकू येतो. गाडीला ‘गारी’, विम्याला ‘बिमा’, लाखाला ‘लाकी’, दुकानाला ‘डुका’. पानात चपाती आणि ‘काचुंबारी’. १९२० पर्यंत तिथे रुपयाच चालत होता. आमच्या छोटीला हे शब्द ओळखायचा नादच लागला होता.

इथपर्यंत ऐकायला छान वाटतं, आणि पर्यटनाच्या पुस्तकांत बहुधा इथेच थांबतात. पण जहाजं परत येताना काय आणत होती? त्याच पेरिप्लसमध्ये या किनाऱ्याच्या मालात पहिलं नाव हस्तिदंताचं आहे. आणि एकोणिसाव्या शतकात, हा किनारा ओमानी सुलतानांच्या ताब्यात असताना, त्याच्या जोडीला दुसरा माल होता, माणसं. आतल्या मुलखातून काफिले निघत आणि जड सुळे खांद्यावर वाहून आणत. वाहणाऱ्यांतले काही मजुरीवर आलेले हमाल असत, काही पकडून आणलेले. समुद्राशी आल्यावर सुळा आणि माणूस दोन्ही विकले जात.

आता आपल्या पंधरा कर्मादानांकडे या. श्रावकाच्या सातव्या व्रताच्या अतिचारांत आपण ती दर प्रतिक्रमणात म्हणतो. ‘दंतवाणिज्य’ आणि ‘केशवाणिज्य’ हे शब्द इतक्या वेगात जिभेवरून जातात की अर्थ मागे राहतो. मी कितीतरी वर्षं ‘केशवाणिज्य’ म्हणजे लोकरीचा वगैरे धंदा असेल असं समजून म्हणत होते, आणि आपल्यातल्या पुष्कळ जणी तसंच समजतात. बाराव्या शतकात आचार्य हेमचंद्रांनी ‘योगशास्त्रा’त त्याचा अर्थ स्वच्छ दिला आहे: दोन पायांच्या आणि चार पायांच्या जीवांची विक्री. दोन पायांचे, म्हणजे दास-दासी. मोंबासाच्या किनाऱ्याला ज्या दोन मालांनी पैसा दिला, ते दोन्ही आपल्या निषिद्ध यादीत नावानिशी आहेत.

दंतवाणिज्याबद्दल तर टीकाकार आणखी बारकाईने बोलतात. दोष कुठे आहे? जिथे दात निघतो तिथे जाऊन तो घेण्यात. कारण वनवासी लोकांना आधी पैसे दिले की ते आणून देण्यासाठी हत्ती मारतात. हे लिहिणाऱ्यांनी झांझिबार पाहिलं नव्हतं, पण तिथली रीत नेमकी हीच होती. हिंदुस्थानी सावकार काफिलेवाल्यांना कापड आणि मणी उधारीवर देत आणि परतफेड सुळ्यांत होई.

आता पळवाट पाहा. उगमावर घेणं निषिद्ध, मग मुंबईच्या बाजारात आलेला दात घेतला तर? आफ्रिकेचा हस्तिदंत मुंबईला उतरे आणि तिथून कच्छ, गुजरात, मारवाडात जाई. आफ्रिकन हत्तीचा सुळा मोठा, मऊ आणि पांढरा, म्हणून बांगड्यांना तोच पसंत. लग्नाचा चुडा त्याचाच. पुष्कळ ठिकाणी नवरा गेला की चुडा फोडत, म्हणजे एकीचा चुडा दुसरीच्या कामी येत नसे, दर लग्नाला नवा. आमच्या मारवाडी घरांतही तो होता, अहिंसेचं नाव घेणाऱ्या घरांत. माझं मत विचाराल तर, बाजारातून घेतल्याने दोष कमी होतो हे सांगणं हिशोबाच्या वहीत बरोबर असेल, हत्तीच्या बाजूने नाही.

‘पण त्यात जैन कुठे होते?’ असं कोणी म्हणेल, आणि ते काही अंशी खरं आहे. झांझिबार-मोंबासाला आधी स्थिरावले ते मुख्यतः कच्छ-काठियावाडचे भाटिया, खोजा आणि बोहरा व्यापारी. सुलतानाच्या जकातीचा मक्ता अनेक वर्षं कच्छच्या जयराम शिवजी या भाटिया पेढीकडे होता, आणि जकात सुळ्यांवर होती तशी गुलामांवरही होती. १८६० च्या सुमारास इंग्रज वकील रिग्बी याने झांझिबारच्या हिंदुस्थानी व्यापाऱ्यांकडे असलेले काही हजार गुलाम मुक्त केले. कोणी म्हणेल इंग्रजांचा त्यात स्वार्थ होता. होताच. पण मुक्त झालेल्या माणसाला त्याने काय फरक पडतो?

आणि इथे गोष्ट थेट आमच्या नाशिकला येते. हे कळलं तेव्हा मी हॉटेलच्या खोलीत रात्री दोनपर्यंत जागी होते.

शरणपूर रोड तुम्हाला माहीत आहे. आपण तिथे कपडे घेतो, दवाखान्यात जातो. हे शरणपूर म्हणजे ‘शरण आलेल्यांचं गाव’, ख्रिस्ती मिशनने वसवलेलं. इंग्रजी आरमार अरबी समुद्रात गुलामांची गलबतं पकडे, त्यातली मुलं मुंबईला उतरवली जात, आणि त्यांपैकी काहींना शरणपूरला ठेवत. ज्यांना आईवडिलांचं गाव कुठल्या दिशेला हेही सांगता येत नव्हतं अशी आफ्रिकेतली मुलं गोदाकाठी वाढली. शाळेत इंग्रजी शिकली, सुतारकाम-लोहारकाम शिकली, कानावर मराठी पडत असणारच. इतिहासात त्यांना ‘नासिक बॉइज’ म्हणतात.

त्यातला एक जेकब वेनराइट. प्रसिद्ध प्रवासी लिव्हिंग्स्टनच्या मदतीला १८७२ मध्ये जी तुकडी गेली त्यात तो होता. १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या आत वारला, तेव्हा त्याचं हृदय जिथे पुरलं तिथल्या झाडावर अक्षरं कोरली ती जेकबने. सोबत्यांनी देह समुद्रापर्यंत वाहून आणला. जेकब त्याच्याबरोबर इंग्लंडला गेला आणि १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला खांदा देणाऱ्यांत उभा राहिला. नाशिकच्या शाळेतला मुलगा! आमच्या शालेय पुस्तकात मला तरी तो कधी भेटला नाही.

१८७३ मध्ये मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर झांझिबारला गेले आणि त्या वर्षी सुलतानाला गुलामांचा बाजार बंद करणाऱ्या करारावर सही करावी लागली. मग सोडवलेल्या माणसांना ठेवायचं कुठे, हा प्रश्न आला. त्यासाठी मोंबासा बेटासमोर, आजच्या न्यालीला लागून, एक वस्ती उभी केली आणि तिला फ्रिअरटाउन नाव दिलं. ती उभारायला १८७४ मध्ये आले विल्यम प्राइस, जे पूर्वी शरणपूरचंच काम पाहत होते. हाताशी माणसं कोण? शंभराहून अधिक जुने नाशिककर, बायका-मुलांसह. काही जण तर १८६४ पासूनच जवळच्या रबाई गावी शिकवत होते. जिथून धरून नेलं त्याच किनाऱ्यावर ही माणसं शिक्षक, सुतार, दुभाषे होऊन परत आली. त्यांच्यानंतर सोडवलेली मुलं त्यांच्या हाताखाली वाढली.

वस्तीत एक घंटा बांधली होती. गुलामांचं गलबत किंवा पकडणारे दिसले की ती वाजवायची.

आपल्या जैनांचं येणं त्यानंतरचं. १८९६ मध्ये मोंबासाहून रेल्वे बांधायला सुरुवात झाली. सुमारे ३२,००० मजूर हिंदुस्थानातून गेले, त्यांतले अडीच हजारांच्या आसपास तिथेच मेले. हालारचे, म्हणजे जामनगरकडचे विसा ओसवाल १८९९ च्या सुमारास यायला लागले, तो छप्पन्नच्या दुष्काळाचा काळ. शेतकरी माणसं, आधी दुसऱ्यांच्या दुकानात नोकर, मग रेल्वेच्या कडेने स्वतःची छोटी दुकानं. मीठ, साखर, रॉकेल, कापड विकलं. त्यांच्या वंशजांनी जपलेलं भगवान पार्श्वनाथांचं शिखरबंदी संगमरवरी मंदिर मोंबासाच्या जुन्या भागात आहे, १९६३ चं. भारताबाहेरचं पहिलं शिखरबंदी जिनालय म्हणून त्याची ओळख सांगतात. दर्शनाला सकाळी जा. ऊन चढायच्या आत गाभाऱ्यात फार थंड, फार शांत वाटतं. तिथे मी पंधरा कर्मादानं पहिल्यांदाच एकेक शब्द थांबून म्हटली.

हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी यायला मात्र १९८९ उजाडावं लागलं. त्या वर्षी केनियाने नैरोबीत १२ टन सुळ्यांची होळी केली, आणि २०१६ मध्ये १०५ टनांची. आपल्याकडे १९९१ पासून आफ्रिकन हस्तिदंताचा धंदाही बंद आहे. कोणाच्या कपाटात आजेसासूबाईंचा चुडा असेल तर तो विकायचा विचार करू नका.

फ्रिअरटाउनची घंटा अजून आहे. रहदारीच्या चौकात, एका कमानीखाली, भोवती टपऱ्या आणि बसचा गोंगाट. बरेच पर्यटक तिच्यासमोरून न थांबता जातात. स्वाहिलीत घंटेला ‘केंगेले’ म्हणतात, म्हणून त्या चौकाचं नावच ‘केंगेलेनी’ पडलं आहे, घंटेपाशी. न्यालीच्या किनाऱ्यावरून टुकटुकने थोड्या वेळात पोचता येतं. चालकाला पत्ता वगैरे सांगायची गरज नाही, ‘केंगेलेनी’ एवढं म्हटलं की पुरतं.