धर्मपित्याचे हरवलेले नाव

बालकाच्या स्नानसंस्काराच्या वेळी त्याच्या वतीने सैतानाचा व त्याच्या कृत्यांचा जो धिक्कार करतो, तो धर्मपिता. इंग्रजीत त्यालाच 'गॉडफादर' म्हणतात. आज मात्र हा शब्द कानी पडताच आपल्या मुलांच्या डोळ्यांपुढे टोळीचा म्होरक्या उभा राहतो. एका पवित्र नात्याचे नाव गुंडाला कसे मिळाले आणि त्याचा आपल्या राजुऱ्याशी काय संबंध, याचा विचार करू लागलो की आधी अमेरिकेच्या इतिहासाकडे वळावे लागते.

अमेरिकेत १७ जानेवारी १९२० पासून देशभर दारूबंदी लागू झाली. दारूने संसार उद्ध्वस्त झालेल्या स्त्रियांची आणि अनेक धर्मनिष्ठांची दीर्घ चळवळ तिच्यामागे होती. मिस्साबलीसाठी लागणाऱ्या द्राक्षारसाला कायद्याने सूट दिली होती. एरवी मद्य तयार करणे, वाहून नेणे व विकणे हा गुन्हा ठरला. पिणे मात्र गुन्हा नव्हते. म्हणजे विकणारा तेवढा गुन्हेगार आणि पिणारा प्रतिष्ठित! या फटीतून टोळ्या आत शिरल्या. त्यांत इटालियन, आयरिश, ज्यू असे सर्वच होते. आणि त्या त्या समाजातील बहुसंख्य माणसे मात्र घाम गाळून भाकर मिळवीत होती.

इटालियन स्थलांतरिताच्या घरी १८९९ साली जन्मलेला अल कपोन ऐन तारुण्यात शिकागोतील चोरट्या मद्याचा धनी झाला. त्याने पोलीस व पुढारी विकत घेतले आणि मंदीच्या काळात भुकेल्यांसाठी अन्नछत्रही उघडले. लोकांना जे हवे तेच आपण पुरवतो, असे तो उजळ माथ्याने सांगे. १४ फेब्रुवारी १९२९ रोजी, संत व्हॅलेंटाइनच्या दिवशी, शिकागोतील एका गॅरेजमध्ये सात माणसांना भिंतीशी उभे करून गोळ्या घालण्यात आल्या. त्या हत्याकांडासाठी कोणालाच शिक्षा झाली नाही. कपोनला १९३१ साली ११ वर्षांचा कारावास झाला, तो प्राप्तिकर बुडविल्याबद्दल! डिसेंबर १९३३ मध्ये दारूबंदी उठली. टोळ्या मात्र उठल्या नाहीत. जुगार, गोद्या, कामगार संघटना व बांधकाम या क्षेत्रांत त्यांनी पाय रोवले.

पुढे त्यांना मुकुट चढविला तो कथा-चित्रपटांनी. मारिओ पुझो यांची 'द गॉडफादर' ही कादंबरी १९६९ साली आली व १९७२ साली कोपोला यांनी तिच्यावर चित्रपट काढला. त्यात मायकेल हा बहिणीच्या बाळाचा धर्मपिता म्हणून वेदीपुढे सैतानाचा धिक्कार करीत असतो आणि त्याच क्षणी बाहेर त्याची माणसे शत्रूंचे मुडदे पाडीत असतात. दिग्दर्शकाने ढोंगावर बोट ठेवले होते. प्रेक्षकांच्या मनात राहिला तो मात्र रुबाब.

आपल्याकडेही हीच कथा घडली. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानंतर मुंबईत हातभट्ट्या पेटल्या. गल्लोगल्ली 'आंटीचे अड्डे' निघाले आणि त्या आंटींपैकी कित्येक ख्रिस्ती होत्या, हे आपण प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. बोरीबंदरावर हमाली करणारा वरदराजन मुदलियार हातभट्टीच्या धंद्यावर मोठा झाला, तर गोदीत हमाली केलेला हाजी मस्तान तस्करीवर. मस्तानच्या आख्यायिकेची छाया १९७५ च्या 'दीवार'वर आणि वरदराजनची १९८७ च्या 'नायकन'वर पडली, असे म्हटले जाते. पुढच्या पिढीच्या टोळ्या खंडणी व सुपारीवर उतरल्या. ज्या चित्रसृष्टीने टोळीवाल्यांना नायक केले, तिच्याच दारात ते पोचले. १२ ऑगस्ट १९९७ रोजी संगीत-उद्योजक गुलशनकुमार यांची अंधेरीत भरदिवसा हत्या झाली. १९९९ साली संघटित गुन्हेगारीविरुद्ध 'मकोका' कायदा करावा लागला.

आता आपल्या अंगणात येऊ. शेजारच्या गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपूर जिल्ह्यातही ती व्हावी म्हणून आपल्या मायबहिणी २०१० च्या डिसेंबरात चिमूरहून नागपूरच्या विधानभवनाकडे पायी निघाल्या होत्या. १ एप्रिल २०१५ रोजी बंदी आली. राजुरा तालुका १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होता. आजही आपल्या सोयरिकी सीमेपलीकडे आहेत आणि वाटा सर्वांच्या पायाखालच्या आहेत. त्याच वाटांनी तेलंगणातून आणि यवतमाळकडून चोरटी दारू येऊ लागली. नोव्हेंबर २०१८ मध्ये नागभीडचे पोलीस अधिकारी छत्रपती चिडे यांना दारू-तस्करांच्या वाहनाने चिरडले. शिकागोचे गॅरेज आपल्यापासून फार दूर नव्हते. २७ मे २०२१ रोजी राज्य मंत्रिमंडळाने बंदी उठविण्याचा निर्णय घेतला.

तर मग त्या पायी चालणाऱ्या स्त्रिया चुकल्या का? आम्हांला तसे मुळीच वाटत नाही. दारूने कोणाच्या चुली विझतात, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? त्यांची मागणी न्याय्य होती. उणे पडलो ते आपण. कायद्याने दुकानाला कुलूप लावले, पण आपल्या लग्नाच्या मांडवात बाटली कोठून आली, हे आपण विचारले नाही. चढा भाव देणारा सभ्य गिऱ्हाईक नसता, तर रात्रीच्या अंधारात गाडी हाकणारा तस्करही नसता. म्होरक्याला जन्म गुंड देत नाहीत. त्याला जन्म देतो आपला खिसा, त्याला जगवते आपले मौन आणि त्याला मोठा करते आपली टाळी.

यापुढे कोणा बालकाचे धर्मपिता म्हणून आपण वेदीपुढे उभे राहू, तेव्हा धिक्काराचे ते शब्द सावकाश उच्चारू या. त्या नावाचा मान राखायचा असेल, तर तो चर्चच्या पायऱ्या उतरल्यावरच राखावा लागेल.