पाच एचपीचं स्वातंत्र्य

मी सुपेल्यातून बोलतोय. सुपेला म्हणजे छत्तीसगडमधल्या भिलाईत जीई रोडला लागून असलेला गजबजलेला बाजार. भिलाई म्हटलं की पोलाद कारखाना आठवतो. तो सोव्हिएत मदतीने उभा राहिला आणि त्याची पहिली झोतभट्टी 1959 साली सुरू झाली. पण या धानाच्या मुलखात आणि आपल्या महाराष्ट्रातही, वीज पोहोचण्याआधी विहिरीचं पाणी वर काढायला, धान भरडायला, पीठ दळायला कामी आलं ते एका सिलिंडरचं डिझेल इंजिन. आज त्याचीच गोष्ट.

रुडॉल्फ डिझेलने 1892 मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि 1897 मध्ये जर्मनीतल्या आउग्सबुर्गला त्याचं इंजिन नीट चाललं. ते माणसापेक्षा उंच होतं. त्यात तेल फवारायला दाबाची हवा लागे आणि त्यासाठी वेगळा कॉम्प्रेसर. असं धूड शेताच्या बांधावर कोण नेणार? 1927 पासून बॉश कंपनी तेल फवारणारे छोटे पंप मोठ्या संख्येने बनवू लागली आणि लहान इंजिनाची वाट मोकळी झाली. त्यानंतर दोन-तीन वर्षांतच इंग्लंडच्या लिस्टर कंपनीचं ‘सीएस’ इंजिन आलं. सीएस म्हणजे कोल्ड स्टार्ट. आधी डोकं तापवायची गरज नाही, हँडल मारलं की सुरू.

मराठी मुलखात हे काम लवकर रुजलं. साताऱ्याला धनजीशा कूपर यांच्या कारखान्यात 1930 च्या दशकात डिझेल इंजिनं तयार होऊ लागली. हेच कूपर 1937 मध्ये मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान झाले. तिकडे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगरापासून सुरुवात करून 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसवली होती. त्यांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतल्या एमआयटीत शिकून आले. 1946 मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली. तिचं एव्ही-1 हे इंजिन ब्रिटनच्या पेटर कंपनीच्या घराण्यातलं. पाच एचपी, 553 सीसी, मिनिटाला 1500 फेरे. राजकोटच्या कारखानदारांनी मात्र लिस्टरचा जुना, संथ घाट धरून ठेवला.

आता या संथपणातली गंमत पाहा. सहा एचपीचं लिस्टर मिनिटाला 650 फेरे घेतं. चार स्ट्रोकच्या इंजिनात दोन फेऱ्यांमागे एकदाच तेल पेटतं, म्हणजे सेकंदाला साधारण पाच ठोके. मधला वेळ बिडाचं जड फ्लायव्हील निभावून नेतं. पाच ठोके कानाला वेगवेगळे ऐकू येतात. एखादा चुकला तर मिस्त्रीला लांबूनच कळतं. नोझल गळतंय की इंजिनाने एअर धरलीय, हे तो कानाने ओळखतो.

बाकी रचनाही तशीच. स्पार्क प्लग नाही, बॅटरी नाही. हवा इतकी दाबायची की ती पाचशे अंशांच्या वर तापते आणि त्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. सुरू करताना खटक्याने झडप उघडी ठेवायची, हँडलने चाकाला वेग द्यायचा आणि खटका सोडायचा. थंड ठेवायला शेजारी पाण्याची टाकी. गरम पाणी वर चढतं, गार पाणी खाली येतं, पंपसुद्धा लागत नाही. बाजूचं झाकण काढलं की कनेक्टिंग रॉडचे बोल्ट समोर दिसतात.

माझ्या मते या इंजिनाचा खरा गुण ताकद हा नाहीच. खेड्यातला माणूस ते उघडू शकत होता, समजून घेऊ शकत होता, हा त्याचा गुण. मोटेवरच्या बैलांना विसावा मिळाला, हे तर झालंच. पण कंपनीचा माणूस शहरातून येईपर्यंत पीक वाळवत बसायची वेळही आली नाही. पाना-पकड होती, गावात मिस्त्री होता. ब्रिटन-अमेरिकेतले हौशी लोक पुढे राजकोटची इंजिनं मागवू लागले, तेही याच ओढीने.

त्याचं गुणगान करताना धूर विसरायचा नाही. कानठळ्या बसवणारा आवाज, उघड्या पट्ट्यात धोतर-पदर अडकण्याची भीती, डिझेलचा खर्च, हे सगळं होतंच. वीज आली तशी लोकांनी मोटर बसवली, ते योग्यच केलं.

पण आता ही इंजिनं भंगारात वजनावर जातात. बीड वितळतं, त्याचं दुसरं काही घडतं. मिस्त्रीचा कान मात्र पुन्हा ओतून मिळत नाही. तेव्हा एक विनंती. तुमच्या गावाकडच्या शेडमध्ये असं इंजिन पडलं असेल, तर विकण्याआधी एखाद्या जुन्या मिस्त्रीला बोलवा. मुलांसमोर ते उघडायला सांगा आणि त्याचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करा. इंजिन नंतर विकलंत तरी हरकत नाही.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.