‘ओरिजिन’साठी ‘उगम’ का?

१. ओरिजिन : मूळ इंग्रजी मजकुरातील या शब्दासाठी येथे सर्वत्र ‘उगम’ योजला आहे. लॅटिनमधील ‘ओरिरी’ (उगवणे, वर येणे) या क्रियापदापासून तो आला. सूर्य उगवतो त्या पूर्वेचे ‘ओरिएंट’ हे नावही त्याच कुळातले. संस्कृत ‘उद्गम’वरून आलेल्या ‘उगम’मध्येही ‘उत्’ म्हणजे वर आणि ‘गम्’ म्हणजे जाणे आहे. दोन्ही भाषांनी आरंभाकडे वर येणे म्हणूनच पाहिले, हे लक्षणीय आहे.

‘उत्पत्ती’ हा शब्द जाणीवपूर्वक टाळला. ‘उत्पत्ती, स्थिती, लय’ या त्रयीमुळे तो उच्चारताच सृष्टीचा कर्ता मनात उभा राहतो. डार्विनच्या १८५९ च्या ग्रंथाच्या नावात ‘ओरिजिन’ आहे; पण पहिला जीव कसा झाला, हा त्या ग्रंथाचा विषय नाही. आधीच्या प्रजातींतून नैसर्गिक निवडीने नव्या कशा घडतात, हे तो सांगतो. ब्रह्मगिरीवर गोदावरी उगम पावते, तेव्हा पाणी शून्यातून येत नाही; मुरलेला पाऊसच झऱ्याच्या रूपाने वर येतो. ‘उगम’मध्ये हे सातत्य टिकते.

भूमितीतील ‘ओरिजिन’ मात्र ‘आरंभबिंदू’च ठेवला आहे; तिथे काही उगवत नाही, मोजणी सुरू होते. ‘ओरिजिनल’चे अर्थ दोन : जुनी, अस्सल मूळ प्रत आणि कुणाचेही अनुकरण नसलेली नवी निर्मिती. संदर्भ पाहून ‘मूळ’ किंवा ‘स्वतंत्र’ असे शब्द घेतले आहेत. — संपा.