दुधातून आलेलं

धाकटे काका 1986 साली कीवमध्ये इंजिनिअरिंग शिकत होते. त्या दिवसांबद्दल ते बोलायला लागले की आजी हातातलं काम बाजूला ठेवायची.

26 एप्रिलच्या पहाटे चेर्नोबिलची चौथी अणुभट्टी फुटली. सोव्हिएत सरकारनं पहिली बातमी दिली ती 28च्या रात्री, अगदी त्रोटक. 1 मे रोजी कीवच्या मुख्य रस्त्यावर नेहमीसारखं संचलन निघालं, त्यात शाळकरी पोरंही होती. पुढं रस्ते धुणाऱ्या गाड्या फिरू लागल्या; खिडक्या लावून घ्या, फरशी ओल्या फडक्यानं पुसा, असं सांगणं सुरू झालं. वसतिगृह सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या बाईंनी काकांना बजावलं, ‘‘बाजारातलं सुटं दूध घेऊ नकोस.’’ त्यांची नात खेड्यात होती, घरच्या गाईच्या दुधावर वाढणारी.

खरा घात दुधानंच केला. किरणोत्सारी आयोडिन-131 कुरणांवर पडलं, गाईंच्या पोटात गेलं आणि दुधातून मुलांच्या थायरॉइडमध्ये साठलं. साधं आयोडिन कोणतं आणि किरणोत्सारी कोणतं, हे त्या ग्रंथीला कळत नाही. पण हे आयोडिन दर आठ दिवसांनी निम्मं होतं. दोन महिने ताजं दूध बंद ठेवलं असतं, वेळेवर साधं आयोडिन दिलं असतं, तर कितीतरी मुलं वाचती. शेजारच्या पोलंडनं काही दिवसांत सुमारे एक कोटी मुलांना ते पाजलं. युक्रेन, बेलारूस आणि रशियाच्या बाधित भागांत मात्र 2005पर्यंत, स्फोटाच्या वेळी अठरा वर्षांखालच्या असलेल्या सहा हजारांहून अधिक जणांना थायरॉइडचा कर्करोग झाला. त्यात मोठा वाटा या दुधाचा. बहुतेक जण उपचारानं जगले. पण ग्रंथी काढलेल्यांच्या नशिबी रोजची गोळी जन्मभराची.

तीव्र किरणोत्सारानं 134 कर्मचारी आणि अग्निशामक आजारी पडले, त्यांतले 28 त्याच वर्षी गेले. सफाईला जुंपलेल्यांमध्ये पुढं मोतीबिंदू आढळले, रक्ताचा कर्करोग वाढल्याच्या खुणाही दिसल्या. आणि भीती? त्या बाई काकांना पत्रं लिहीत. साध्या सर्दीतही नातीचा गळा चाचपून बघते, असं त्यांत असे. लोकांच्या मनावरचा हा भार अपघाताच्या सर्वांत मोठ्या दुष्परिणामांपैकी एक आहे, हे तज्ज्ञांनीही नोंदवलंय.

चेर्नोबिलचा किरणोत्सार त्यात असेल या भीतीनं आयर्लंडहून भारतात आलेल्या 200 टन लोण्याचा खटला सुप्रीम कोर्टात गेला, तेव्हा आजीनं घरात बाहेरचं लोणी येऊच दिलं नाही. 1988मध्ये तज्ज्ञांच्या समितीनं ते लोणी सुरक्षित असल्याचा निर्वाळा दिला, तो मला पटतो. आजीचा संशयही मला चुकीचा वाटत नाही. ज्यांनी बातमी दडवली, त्यांनीच लोकांचा विश्वास घालवला होता.

आपल्याकडे तारापूरची अणुवीज 1969पासून सुरू आहे. साध्या आयोडिनची गोळी किरणोत्सार पोचण्याच्या जरा आधी किंवा नंतर काही तासांतच उपयोगी पडते. तिथल्या पंचक्रोशीत राहणाऱ्यांनी ती कुठे ठेवली आहे, कोण वाटणार आहे आणि निरोप कसा येणार आहे, हे आपल्या ग्रामसभेत आजच विचारावं.