ज्यांना मालक नाही, त्यांचा पीएफ

मंडळी, 'पीएफ' हा मुळात नोकरदाराचा शब्द. १९५२ च्या भविष्य निर्वाह निधी कायद्याने कारखान्यातल्या कामगाराला दोन गोष्टी दिल्या. पगार हातात पडण्याआधीच कपात, आणि मालकाचा तेवढाच वाटा. सुरुवातीला फक्त सहा उद्योग, तेही ५० किंवा जास्त कामगार असलेले. मग शिंपी, वकील, किराणा दुकानदार यांचं काय? त्यांचा मालक कोण? तेच!

त्यांच्यासाठी दार उघडलं १ जुलै १९६८ ला. सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी, म्हणजे आपला पीपीएफ. मुदत १५ वर्षं, पहिल्या वर्षी व्याज ४.८ टक्के. नोकरदारही खातं काढू शकत होते. पण या कायद्यातलं नववं कलम धंदेवाल्याच्या खास कामाचं होतं. कर्जापोटी कोर्टाला या खात्यावर जप्ती आणता येत नाही. धंदा बुडाला, दुकान गेलं, तरी म्हातारपणाची पुंजी शाबूत. पुढे कायदे बदलले, पण हे संरक्षण टिकलं.

व्याज मात्र सरकारच्या हातात. १९८६ पासून जानेवारी २००० पर्यंत ते १२ टक्के होतं. एप्रिल २०२० मध्ये ७.१ वर आलं. हिशोब करून बघा. १०० रुपये १५ वर्षं ठेवले, तर १२ टक्क्यांनी साधारण ५४७ होतात, ७.१ ने २८०. अर्थात तेव्हाची महागाईही जास्त होती, हे विसरू नका.

आता आपल्याकडची एक गोष्ट. पीपीएफनंतर वर्षभरातच, १९६९ मध्ये, महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. हमालाला एक मालक नसतो. आज या गाळ्यावर, उद्या त्या. अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून आलेल्या या कायद्याने मंडळं नेमली. व्यापाऱ्याने मजुरी आणि वर लेव्ही मंडळाकडे भरायची. त्यातून हमालाचा पीएफ. म्हणजे मालक एक नसला तरी कपात झाली, वाटाही मिळाला.

पीपीएफने कुलूप दिलं, पण पैसे टाकणारा हात दिला नाही. २००९ मध्ये एनपीएस सर्वांना खुली झाली, तिथेही तेच : भरलं तर आहे. म्हणून स्वतःचा धंदा असणाऱ्याने दर महिन्याला आधी मालक व्हायचं, कपात करायची, आणि मगच उरलेलं घरी न्यायचं. १९५२ च्या कायद्याने नोकरदारासाठी जे केलं, ते आपल्यासाठी दुसरं कोणी करणार नाही.