लॅम्बोर्गिनी : मालकाची नव्हे, इंजिनाची गोष्ट

ही गोष्ट तुमच्याही व्हॉट्सअ‍ॅपवर येऊन गेली असेल. ट्रॅक्टर बनवणारे फेरुच्चो लॅम्बोर्गिनी आपल्या फेरारीच्या क्लचची तक्रार घेऊन एन्झो फेरारींकडे गेले. ट्रॅक्टरवाल्याला गाडीतलं काय कळतं, असं म्हणून एन्झोंनी त्यांना वाटेला लावलं. अपमान जिव्हारी लागला आणि त्यांनी थेट स्पोर्ट्स कारचा कारखाना काढला. खाली जिद्दीवर एक सुविचार. काही वर्षांपूर्वी आमच्या पुरवणीत मीही ती जशीच्या तशी छापली होती. दुसऱ्या दिवशी स्टँडमागच्या गॅरेजमधले मिस्त्री भेटले. म्हणाले, "राग आला ते ठीक आहे हो साहेब. पण इंजिन कुणी बनवलं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. उशिरा का होईना, आज देतो.

इंजिन बनवलं जोत्तो बिझ्झारिनी यांनी. हा माणूस मुळात फेरारीचाच. '२५० जीटीओ' ही फेरारीची गाजलेली गाडी घडवण्यात त्यांचा मोठा वाटा. १९६१ मध्ये फेरारीत अंतर्गत भांडण झालं, बडे अधिकारी एकदम बाहेर पडले, त्यांत हेही होते. तेव्हा एन्झोंनी लॅम्बोर्गिनींना नेमकं काय सुनावलं ते त्या दोघांनाच ठाऊक, पण इंजिनाची अक्कल मात्र एन्झोंच्याच दारातून बाहेर गेली.

साडेतीन लिटर, बारा सिलिंडर. सहा-सहाच्या दोन रांगा, मधे ६० अंशांचा कोन. व्हॉल्व्ह उघडणारे कॅमशाफ्ट प्रत्येक रांगेवर दोन, म्हणजे एकूण चार. फेरारीच्या रस्त्यावरच्या बारा सिलिंडर गाड्यांना चार कॅमशाफ्ट मिळाले ते १९६६ मध्ये. फेरारीपेक्षा जितकी अश्वशक्ती जास्त, तितकं बक्षीस, असा सौदा होता म्हणतात. बिझ्झारिनींनी इंजिन साडेतीनशेच्या पुढे नेलं, पण मिनिटाला जवळपास ९,८०० फेऱ्यांवर. शर्यतीला झकास! मालकाला मात्र लांबच्या प्रवासाची आरामशीर गाडी हवी होती. खटके उडाले, बिझ्झारिनी निघून गेले. जाम्पाओलो दल्लारा आणि पाओलो स्टान्झानी या तरुण इंजिनिअरांनी ते इंजिन माणसाळवलं.

१९६३ च्या तुरीन प्रदर्शनात पहिली गाडी मांडली, तर इंजिन तिच्यात बसेचना. मग म्हणे वजनासाठी आत विटा ठेवल्या आणि बॉनेट बंदच ठेवलं. हे फॉरवर्डमध्ये येत नाही.

पुढची करामत १९६६ ची 'मिउरा'. दल्लारा, स्टान्झानी आणि न्यूझीलंडचा टेस्ट ड्रायव्हर बॉब वॉलेस या तिशीच्या आतल्या तिघांनी ते एवढं मोठं इंजिन सीटच्या मागे आणि तेही आडवं बसवलं. जागा वाचावी म्हणून इंजिन आणि गिअरबॉक्सला एकच ऑइल! 'काउंटाश'मध्ये स्टान्झानींनी इंजिन पुन्हा उभं केलं, पण उलटं फिरवून. गिअरबॉक्स पुढे, दोन सीटच्या मधे, आणि तिथून ताकद मागच्या चाकांकडे नेणारा शाफ्ट इंजिनाच्या ऑइल संपमधून पार. मिस्त्रींना हे सांगितलं तेव्हा त्यांनी सिगारेटच्या पाकिटावर चित्र काढायला लावलं, आणि बराच वेळ बघत बसले.

आणि ज्यांच्या जिद्दीचा सुविचार आपण फिरवतो, ते मालक? बोलिव्हियाने ट्रॅक्टरची मोठी ऑर्डर रद्द केली, पैशाचं गणित बिघडलं. १९७२ मध्ये निम्म्याहून जास्त हिस्सा विकला, १९७४ मध्ये उरलेलाही. फेरुच्चो अंब्रियात द्राक्षमळा करायला गेले. पुढे तेलाचं संकट, १९७८ मध्ये दिवाळखोरी. १९८० मध्ये मिमरान बंधू आले, १९८७ मध्ये क्रायस्लर, १९९४ मध्ये इंडोनेशियाचे मालक, १९९८ मध्ये औडी. एवढ्या वेळा पाटी बदलली की कारखाना भंगारात जायला हवा होता.

गेला नाही, कारण विकायला काहीतरी होतं. मासेरातीतून काढलेले ज्युलिओ आल्फिएरी इथे आले. त्यांनी तेच इंजिन १९८२ मध्ये ४.८ लिटरचं केलं. १९८५ मध्ये ५.२ लिटर आणि सिलिंडरला चार व्हॉल्व्ह. 'डियाब्लो'त ते ५.७ झालं, 'मुर्सिएलागो'त ६.२ आणि शेवटी ६.५ लिटर, ६७० अश्वशक्ती. भाग बहुतेक सगळे बदलले, पण मूळ मांडणी १९६३ ची. शेवटची मुर्सिएलागो २०१० मध्ये बाहेर पडली. म्हणजे ४७ वर्षं! पुढच्या वर्षी 'अव्हेंटाडोर'साठी नवं इंजिन केलं, तेही बारा सिलिंडरचंच.

मार्च २०२३ मध्ये 'रेवुएल्तो' आली. तिला तीन इलेक्ट्रिक मोटर आहेत, पण सोबत टर्बो नसलेलं, साडेसहा लिटरचं बारा सिलिंडरचं इंजिनही आहे. त्यानंतर साधारण दीड महिन्याने, १३ मे रोजी, बिझ्झारिनी गेले. वय ९६. त्या दिवशी मिस्त्रींना फोन केला. त्यांनी विचारलं, "पेपरात आलं का?" मी म्हटलं, आपल्याकडे नाही.