बॅच फाइल अडते तेव्हा

संगणकाने क्रमाने पाळावयाच्या आज्ञा ज्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहून ठेवतात, तिला विंडोजमध्ये बॅच फाइल म्हणतात. कार्यालयीन कागदपत्रांची रोज दुसऱ्या डिस्कवर प्रत घेणे हा तिचा नेहमीचा उपयोग. ती अडली, की काळी खिडकी क्षणभर चमकून मिटते आणि प्रत झाली, असा आपला समज होतो. मूळ डिस्क बिघडली, की मगच खरी स्थिती कळते.

अशा वेळी फाइलवर डबल क्लिक न करता आधी कमांड प्रॉम्प्ट उघडावा व तेथून ती चालवावी. खिडकी मिटत नाही आणि त्रुटीचा संदेश वाचता येतो. पत्ता सापडत नाही, अशा अर्थाचा संदेश असल्यास फोल्डरचे नाव तपासावे. नावात मोकळी जागा असेल, तर संपूर्ण पत्ता दुहेरी अवतरणचिन्हांत हवा.

नाव देवनागरीत असेल, तर कारण निराळे असू शकते. वर्धा जिल्ह्याच्या आर्वी तालुक्यातील रोहणा या गावाच्या नावाचा फोल्डर घेऊ. युनिकोडमध्ये या नावाची र, ओकार, ह, ण व काना अशी पाच चिन्हे होतात. यूटीएफ-८ पद्धतीत प्रत्येकी तीन याप्रमाणे १५ बाइट. इंग्रजी विंडोजमधील कमांड प्रॉम्प्ट मात्र बहुधा ४३७ क्रमांकाचे कोड पेज वापरतो. ते १९८१ च्या आयबीएम पीसीबरोबर आले. त्यातील २५६ चिन्हांत देवनागरी नाही. त्यामुळे १५ बाइटांची १५ भलतीच चिन्हे वाचली जातात. फाइल ‘एएनएसआय’ पद्धतीने जतन केली असेल, तर केवळ पाच प्रश्नचिन्हे उरतात.

उपाय सोपा आहे. फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन करून देवनागरी नाव येण्यापूर्वीच ‘सीएचसीपी ६५००१’ ही आज्ञा रोमन अक्षरांत व अंकांत लिहावी. जुने नोटपॅड यूटीएफ-८ फाइलच्या आरंभी ‘बीओएम’ ही अदृश्य खूण घालते व पहिली ओळ फसते. विंडोज १० च्या २०१९ मधील आवृत्तीपासून नोटपॅडमध्ये या खुणेविना जतन करता येते. पडद्यावर अक्षरांऐवजी चौकोन दिसले, तरी ती केवळ फाँटची उणीव असू शकते.

शेवटी नव्या प्रतीतील एखादी फाइल प्रत्यक्ष उघडून पाहावी. प्रत झाल्याची खात्री तेव्हाच मानावी.